बंद पडलेलं आणि बंद केलेलं

गेल्या वर्षी दसरा होऊन चार-पाच दिवस झाले असतील. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा भामरागडहून फोन आला. तो त्या तालुक्यातल्या एका निवासी शाळेत शिकवतो. म्हणाला, "सर, आमच्या पेटीत अजून जुलै चालू आहे."

ही पेटी म्हणजे प्लायवूडचा एक डबा. त्यात पत्त्यांच्या कॅटएवढा एक संगणक, त्याला जोडलेलं घड्याळाचं छोटं कार्ड, वायफायची एक कांडी आणि सौर पॅनेलवर चार्ज होणारी बॅटरी. इंटरनेट नाही. संगणकाच्या मेमरी कार्डवर गणिताचे धडे, चाचण्या आणि विकिपीडियाची एक प्रत भरून ठेवलेली. मुलं जुन्या टॅबलेटवरून पेटीला जोडून घेतात, धडे सोडवतात, आणि कोणी कोणत्या दिवशी काय सोडवलं याची नोंद पेटी ठेवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत पेटीतला संगणक बिघडला. जूनअखेर कोणीतरी शहरातून तसाच दुसरा जुना संगणक पाठवला, जुनं मेमरी कार्ड त्यात घातलं आणि सगळं पूर्ववत सुरू झालं. तारीख तेवढी मागे पडू लागली.

"तारखेनं काय बिघडतं?" असं मी विचारलं, आणि विचारल्यावर वरमलो. निवासी शाळेत मुलं सणाला, शेतीच्या हंगामाला घरी जातात. काही वेळेवर परत येतात, काही उशिरा, काही येतच नाहीत. कोणतं मूल कधीपासून गळालं, कोण परत आल्यावर मागे पडलं, हे पेटीतल्या नोंदी आणि हजेरीपट शेजारी ठेवून तो पाहत असे. आता हजेरीपटात ऑक्टोबर आणि पेटीत जुलै. चार महिन्यांच्या नोंदी होत्या, पण त्या कशाशी जुळवायच्या ते कळत नव्हतं.

एका विक्रेत्यानं त्याला सांगितलं होतं, "हे मॉडेल आता बंद झालंय. त्याची कार्डंही येत नाहीत. सगळा सेट नवीन घ्या." नव्या सेटला शाळेकडे पैसे नव्हते. जाण्याआधी मी त्याला एकच प्रश्न विचारला: घड्याळ बंद पडलंय, की बंद केलंय?

मराठीत हे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत. यंत्र बंद पडतं ते आपल्यासमोर, आपल्या टेबलावर. यंत्र बंद करतात ते दूर कुठेतरी, कारखान्याच्या कचेरीत. पहिल्याचं कारण शोधता येतं, दुसऱ्याचं पत्रक निघतं. तीस वर्षं तंत्रनिकेतनात शिकवताना मी पाहिलं की दुसऱ्याला पहिलं समजून चांगली यंत्रं भंगारात जातात. शहरात हे खपून जातं, कारण पर्याय दोन गल्ल्या पलीकडे मिळतो. भामरागडला तो मिळत नाही.

*

हा संगणक काय चीज आहे, ते आधी सांगायला हवं. घरातला टेबलावरचा संगणक म्हणजे एक मोठा बोर्ड आणि त्यात खोचलेली अनेक कार्डं. सिंगल बोर्ड संगणकात प्रोसेसर, मेमरी, बाहेरच्या जगाशी बोलण्याच्या वाटा, सारं एकाच पाटीवर असतं. उरलेलं काम, म्हणजे मोटर फिरवणं, तापमान मोजणं, वेळ सांभाळणं, वेगळी छोटी कार्डं करतात. ती पिनांच्या एका रांगेतून मुख्य बोर्डाला जोडायची. पेटीतला बोर्ड रास्पबेरी पाय या नावाचा होता. इंग्लंडमधल्या केंब्रिज इथं तयार झालेला हा बोर्ड २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आला, तेव्हा त्याची किंमत ३५ डॉलर होती. शाळांतल्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं हा त्यामागचा हेतू.

पण महाराष्ट्रातल्या तंत्रनिकेतनांना आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांना सिंगल बोर्ड संगणक तेव्हा नवा नव्हता. आमच्या पिढीनं त्याला 'किट' म्हटलं. '८०८५ किट' म्हणताच आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या हजारो डिप्लोमावाल्यांच्या बोटांना त्या कळांची आठवण होईल. इंटेलचा ८०८५ हा प्रोसेसर १९७६ चा. चाळीस पायांचा, पाच व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर चालणारा, ६५०० ट्रान्झिस्टरचा. किटवर तो मधोमध बसलेला असे. शेजारी काचेची खिडकी असलेली इप्रॉम, तिच्यावर ऊन लागू नये म्हणून कागदी स्टिकर. समोर सोळा अंकांची आणि काही आज्ञांची कळफळी, वर सात काड्यांचे सहा लाल आकडे: चार पत्त्याचे, दोन मजकुराचे. पडदा नाही, माउस नाही.

पहिल्या दिवशीचा धडा ठरलेला. ३ई, ०५, ०६, ०३, ८०, ७६ एवढं भरायचं आणि प्रोग्रॅम चालवायचा. ३ई म्हणजे पुढचा आकडा 'अ' या कप्प्यात ठेव. ०६ म्हणजे पुढचा आकडा 'ब' कप्प्यात ठेव. ८० म्हणजे दोन्हींची बेरीज कर. ७६ म्हणजे थांब. मग 'अ' कप्पा उघडून पाहायचा: ०८. पाच अधिक तीन आठ, हे कोणालाही येतं. पण यंत्राच्या पोटात जाऊन ते आपल्या हातानं घडवलं, याचं अप्रूप कित्येक वर्षांनीही मुलांच्या चेहऱ्यावर तसंच दिसे. पाठ्यपुस्तक बहुतेकांचं एकच: रमेश गावकर यांचं. गावकर अमेरिकेत सिरॅक्यूज इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात शिकवत. १९८४ च्या त्या पुस्तकावर भारतातल्या किती परीक्षा निघाल्या याला गणती नाही.

किटच्या पाठीमागे २६ पिनांची जोडणी असे. तिथं ८२५५ नावाच्या चिपच्या २४ वाटा बाहेर येत आणि बाकीच्या पिनांवर वीजपुरवठा. सपाट करड्या रिबनची केबल, जिला सगळे 'एफआरसी' म्हणतात, ती लावायची आणि दुसऱ्या टोकाला इंटरफेस कार्ड: चौकातल्या सिग्नलचं कार्ड, लिफ्टचं कार्ड, स्टेपर मोटरचं कार्ड. स्टेपर मोटरला ११, २२, ४४, ८८ हे आकडे एकामागून एक पाठवले की ती ठरावीक कोनानं सरकते. उलट क्रमानं पाठवले की उलटी फिरते. वर्गात टाळ्या पडायच्या त्या इथं.

ही किटं जुनाट म्हणून हिणवली गेली, पण ती टिकली. पंचवीस-तीस वर्षं वापरलेली किटं मी हाताळली आहेत. याला दोन कारणं होती. एक, त्यातल्या बहुतेक चिपा सॉकेटमध्ये बसवलेल्या असत. बिघडलेली चिप उपटून दुसरी लावता येई. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक किटबरोबर एक जाडजूड मॅन्युअल येई आणि त्यात पूर्ण सर्किट छापलेलं असे. कोणती तार कुठून कुठे जाते, कोणत्या पत्त्यावर कोणती चिप आहे, पिनांचा क्रम काय, सारं. किट बनवणारी कंपनी उद्या राहिली नाही तरी किटची कुंडली कपाटात असे. मॅन्युअल हरवलेलं किट मात्र वर्षा-दोन वर्षांत अडगळीत जाई, त्यातली एकही चिप जळाली नसली तरी. (८०८५ चीच एक कमी वीज खाणारी आवृत्ती १९९७ साली सोजर्नर या गाडीबरोबर मंगळावर उतरली होती. प्रोसेसर जुना असणं आणि निकामी असणं या दोन गोष्टी वेगळ्या, हे सांगायला मी हे उदाहरण वर्गात वापरत असे.)

*

बोर्ड 'बंद करतात' म्हणजे काय होतं? गेल्या दहा-पंधरा वर्षांत याचे चार प्रकार दिसले.

पहिला, कंपनी राहते पण त्या वस्तूतून अंग काढून घेते. इंटेलनं २०१३ मध्ये गॅलिलिओ, २०१४ मध्ये एडिसन आणि २०१६ मध्ये जूल असे तीन छोटे बोर्ड आणले. जून २०१७ मध्ये तिन्ही बंद करत असल्याचं जाहीर झालं. जूल तर वर्षाचाही झाला नव्हता. एडिसनची जोडणी ७० बारीक पिनांची होती, साध्या सोल्डरिंगच्या आवाक्याबाहेरची. म्हणजे मूळ बोर्ड गेला की त्याच्यासाठी बनवलेली कार्डं दुसऱ्या कशावरही बसत नाहीत.

दुसरा, कंपनीच मिटते. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ओकलंडच्या एका लहान कंपनीनं 'चिप' नावाचा संगणक नऊ डॉलरला देऊ केला आणि लोकांनी आगाऊ वीस लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. त्याला बसणारा कळफळी-पडद्याचा हातात धरण्याजोगा साचाही निघाला. २०१८ मध्ये कंपनी बुडाली. या बोर्डावर मूळ सॉफ्टवेअर पुन्हा भरायचं तर ते कंपनीच्या संकेतस्थळावरून भरावं लागे. संकेतस्थळ गेल्यावर धडधाकट बोर्डही एकदा बिघडला की उठेना. काही वापरणाऱ्यांनी वेळीच त्या फायलींच्या प्रती करून ठेवल्या होत्या, म्हणून उरलेले बोर्ड वाचले.

तिसरा प्रकार फसवा. कंपनी चालू, नाव तेच, पण रूप बदलतं. रास्पबेरी पायच्या पहिल्या बोर्डावर २६ पिना होत्या. जुलै २०१४ च्या सुधारित बोर्डावर ४० झाल्या. पहिल्या २६ जागच्या जागी ठेवल्या, ही समजूतदारी. पण त्याआधीच्या बोर्डावर आठ पिनांची आणखी एक छोटी जागा होती आणि एका कंपनीचं उत्तम आवाजाचं कार्ड नेमकं तिच्यावर बसत होतं. नव्या बोर्डावर ती जागाच नव्हती. ते कार्ड बाजारात येऊन फार दिवस झाले नव्हते, तोच ते पोरकं झालं. त्यात कसलाही बिघाड नव्हता.

चौथा प्रकार डोळ्यांना दिसतच नाही: बोर्ड तोच, पण सॉफ्टवेअर पुढे निघून जातं. पहिल्या रास्पबेरी पायचा प्रोसेसर एआरएमच्या सहाव्या आवृत्तीच्या आज्ञा समजतो. बाकीचं जग सातव्या-आठव्या आवृत्तीकडे गेलं, आणि एकेका प्रोग्रॅमनं जुन्यासाठी तयार फायली देणं थांबवलं. नोड या लोकप्रिय प्रणालीनं ते २०१९ मध्ये, तिच्या १२ व्या आवृत्तीपासून केलं. भामरागडच्या पेटीत धडे दाखवणारा 'केए लाइट' हा प्रोग्रॅम २०१२ चा, नेमका अशा इंटरनेट नसलेल्या शाळांसाठी केलेला. तो पायथन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीवर बेतलेला आहे आणि त्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी संपली. त्याच्या कर्त्यांनी पुढे 'कोलिब्री' हा नवा प्रोग्रॅम केला. जुना चालतो, पण त्याच्यामागे आता कोणी उभं नाही.

महाराष्ट्रानं हे आधीही पाहिलं आहे. 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातला सुरुवातीचा प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत झाला. हिरवे-पांढरे, धूळ-पाणी सोसणारे ते लॅपटॉप फार विचारानं घडवलेले होते. तरी त्यांच्या पहिल्या पिढीत एक गोम निघाली. चोरीला आळा बसावा म्हणून काही यंत्रांना तारखेशी बांधलेलं कुलूप असे. आतल्या घड्याळाचा सेल गेला की तारीख चुकीची ठरून यंत्र सुरूच होत नसे. पडदा चांगला, कळफळी चांगली, आणि बटणाएवढ्या सेलपायी सगळं ठप्प. योजना ओसरल्यावर तो सेल बदलायचा कसा हे सांगणारं माणूस गावोगावी कुठून असणार?

*

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी निघालो. आलापल्लीहून पेरमिली, ताडगाव करत जंगलातून रस्ता हेमलकशाला येतो. १९७३ पासून तिथं उभ्या असलेल्या लोक बिरादरी प्रकल्पामुळे हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. (मी गेलो ती शाळा त्या प्रकल्पाची नव्हे.) तिथून पुढे पर्लकोटा नदी ओलांडली की भामरागड. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या इथं जवळजवळ येऊन मिळतात. पलीकडचा काठ छत्तीसगडचा. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की गावाचा संपर्क तुटतो, आणि त्यापलीकडच्या पाड्यांचा तर अधिकच दिवस. 'दोन दिवसांत पार्सल येईल' या वाक्याला इथं ऋतूची अट असते.

पेटी उघडली. बोर्ड, घड्याळाचं कार्ड, चार तारा. कार्डावरचा सेल काढून मोजला: तीन व्होल्ट, ठणठणीत. कार्ड जिवंत असणार. मग तारीख मागे का पडते?

त्याचं कारण असं. रास्पबेरी पायच्या त्या बोर्डाला स्वतःचं घड्याळ नाही. इंटरनेट असेल तर तो तिथून वेळ विचारून घेतो. नसेल तर बंद होताना शेवटची वेळ कार्डावर लिहून ठेवतो आणि पुन्हा सुरू झाल्यावर तिथून पुढे मोजतो. पेटी दिवसातून चार-पाच तास चालायची. म्हणजे बाहेर एक दिवस जाई तेव्हा पेटीत चार-पाच तास जात. जूनअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत पेटीच्या लेखी जेमतेम तीन आठवडे झाले होते. झोपेतला वेळ ती मोजतच नव्हती. घड्याळाचं कार्ड असतं ते एवढ्यासाठी: बोर्ड झोपला तरी सेलवर ते जागं राहतं आणि उठल्यावर वेळ सांगतं. पण ते सांगत होतं आणि बोर्ड ऐकत नव्हता.

मी दोन्ही बोर्ड शेजारी ठेवले, सुट्टीत बिघडलेला आणि बदली आलेला. एकाच आकाराचे, २६ पिनांचे, एकाच नावाचे. शिक्षक म्हणाला, "सर, दोन्ही सेमच आहेत." मी भिंग काढलं. कोपऱ्यातल्या बारीक दिव्यांपाशी जुन्या बोर्डावर 'ओके' छापलं होतं, बदली बोर्डावर त्याच जागी 'एसीटी'. शेवटच्या दिव्यापाशी जुन्यावर '१० एम', दुसऱ्यावर '१००'. आणि दुसऱ्यावर स्क्रू बसवायला दोन भोकं होती, जुन्यावर एकही नव्हतं.

म्हणजे जुना बोर्ड पहिल्या खेपेचा आणि बदली आलेला दुसऱ्या खेपेचा. बोर्ड बाजारात येऊन सात महिने होत नाहीत तोच, सप्टेंबर २०१२ मध्ये, त्यात काही जोडण्या बदलल्या होत्या. घड्याळाचं कार्ड ज्या दोन पिनांवरून बोलतं, त्या तिसऱ्या आणि पाचव्या पिना, पहिल्या खेपेत '०' क्रमांकाच्या वाटेला जोडलेल्या होत्या. दुसऱ्या खेपेत '१' क्रमांकाच्या. पिना त्याच, जागा तीच, आतलं टपालखातं वेगळं. मेमरी कार्ड जुनं होतं. त्यातली एक ओळ सुरू होताना दर वेळी सांगत होती: घड्याळ ० क्रमांकाच्या वाटेवर आहे, तिथं हाक मार. बोर्ड रोज सकाळी रिकाम्या वाटेवर हाक मारत होता.

त्या ओळीत शून्याचा एक केला. पेटी बंद करून चालू केली. कार्डाचा पत्ता ६८, तो लगेच सापडला. हातातल्या घड्याळाप्रमाणे तारीख भरली, पेटी रात्रभर बंद ठेवली आणि सकाळी सुरू केली. तारीख बरोबर होती.

काही बदललं नाही, काही विकत आणलं नाही. मागच्या नोंदीही बहुतेक हाती लागल्या. पेटी रोज साधारण किती तास चालली हे शिक्षकानं बॅटरीच्या वहीत लिहून ठेवलं होतं. त्यावरून आम्ही पेटीतली तारीख आणि खरी तारीख यांचं कोष्टक केलं. दिवसा-दोन दिवसांची चूक राहिली असेल, पण कोणत्या मुलाच्या नोंदी कोणत्या आठवड्यात थांबल्या हे दिसू लागलं. तीन नावं त्यानं बाजूला लिहून घेतली. त्यांच्या घरी जाऊन येतो म्हणाला.

*

निघायच्या दिवशी एक प्रसंग घडला. शाळेच्या कपाटात दोन ८०८५ किटं होती, कुठलीशी प्रयोगशाळा मोडीत निघाली तेव्हा आलेली. सोबत स्टेपर मोटरचं कार्ड आणि एफआरसी केबल. आठवीतला एक मुलगा सकाळपासून माझ्या मागे होता. मी चहा घेत असताना त्यानं किटची केबल उचलली आणि पेटीतल्या बोर्डाच्या पिनांवर धरून पाहिली. २६ पिना, दोन रांगा, तेच अंतर. तंतोतंत बसली. "सर, ही याची पण आहे!" तो आनंदानं ओरडला, आणि मी कप टाकून धावलो.

त्याची चूक नव्हती. डोळ्यांनी जे जुळतं ते जुळतं असंच कोणीही मानेल. पण ८०८५ चं सगळं जग पाच व्होल्टचं आहे आणि रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या. त्यांच्यावर पाच व्होल्ट आले तर त्या वाटा जळतात, कधी सगळा बोर्ड. शिवाय कोणत्या पिनेवर वीज आणि कोणत्या पिनेवर संदेश, हा क्रम दोन्हींकडे वेगळा. ८०८५ च्या किटांतही दोन कंपन्यांचा क्रम एकच असेल याचा भरवसा नसे. म्हणून तर मॅन्युअल लागे. मी त्याला मल्टिमीटर दिला आणि दोन्हींवरचे व्होल्ट मोजायला लावले. त्यानं ते आकडे मोठ्यानं वाचले आणि केबल स्वतःच दूर ठेवली. मग आम्ही किटला वीज दिली, त्याच्याकडून ११, २२, ४४, ८८ भरून घेतलं. मोटर फिरली. किटबरोबरचं मॅन्युअल कपाटात होतं, कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण पिनांचा नकाशा शाबूत.

परतीच्या वाटेवर मी या दोन गोष्टी मनात शेजारी ठेवत राहिलो. चाळीस वर्षांपूर्वीच्या धर्तीचं किट अर्ध्या तासात चालू झालं, कारण त्याचा कागद त्याच्याजवळ होता. बारा वर्षांपूर्वीचा बोर्ड चार महिने अडला, कारण त्याचा कागद इंटरनेटवर होता आणि इंटरनेट नव्हतं. रास्पबेरी पायबद्दलची माहिती जगात विपुल आहे. दोन खेपांतला फरक सांगणारी पानंही आहेत. पण नेट नसलेल्या शाळेसाठी बनवलेल्या यंत्राची दुरुस्ती नेटवर ठेवायची, ही आपलीच विसंगती.

म्हणून दूरच्या शाळेसाठी बोर्ड घेताना किंमत आणि वेग यांच्या आधी मी आता दुसरेच प्रश्न विचारतो. याचं सर्किट छापील मिळतं का? बीगलबोनसारख्या काही बोर्डांचा आराखडा पूर्ण खुला आहे आणि त्यामुळे एकाहून अधिक कंपन्या ते बनवू शकतात. एकीनं सोडलं तरी बोर्ड मरत नाही. याची जोडणी साध्या पिनांची आहे की खास बारीक? सॉफ्टवेअर पुन्हा भरायला कोणाच्या संकेतस्थळाची परवानगी लागते का? आणि घेतलेल्या बोर्डाची खेप कोणती, हे कोणी लिहून ठेवलंय का? 'बंद झालं' असं विक्रेता म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तो कारखान्याबद्दल बोलत असतो. आपण ते आपल्या टेबलावरच्या वस्तूबद्दल ऐकतो.

सगळंच वाचतं असा माझा दावा नाही. जुन्या बोर्डाचा मेमरी कार्डाचा खाचा मोडला होता; तो मी सोबत आणला, पण तसा खाचा मला अजून मिळालेला नाही. बदली बोर्डही एक दिवस जाईल आणि तेव्हा ४० पिनांचा घ्यावा लागेल. तोपर्यंत नव्या प्रोग्रॅमवर जाण्याची तयारी करायची आहे; मुलांच्या नोंदी तिकडे न्यायच्या आहेत. ते काम सोपं नाही आणि एका फेरीतलं तर नाहीच.

पेटीच्या झाकणाला आतून आम्ही एक दोनशे पानी वही बांधली आहे. पहिल्या पानावर बोर्डाची खेप, दिव्यांजवळची अक्षरं, २६ पिनांचा हातानं काढलेला नकाशा, ३.३ आणि ५ व्होल्टच्या पिना लाल शाईत. दुसऱ्या पानावर ती एक ओळ, आधी कशी होती आणि आता कशी आहे. नकाशा त्या आठवीतल्या मुलानं काढला. त्यानं खाली माडियात काहीतरी लिहिलं, मी विचारलं तर शिक्षकानं सांगितलं, "केबल बसते म्हणून लावू नका, असं लिहिलंय सर."

या पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला तेव्हा आठवडाभर फोन लागत नव्हता. लागला तेव्हा मी आधी तारीख विचारली. त्यानं पेटीत पाहून सांगितली. बरोबर होती.